मोटारीचा कंठ

मराठी भाषेने मोटारसायकलीस जे नाव दिले, ते तिच्या चाकांवरून दिले नाही, वेगावरून दिले नाही, की तिच्यावर बसण्याच्या रीतीवरूनही दिले नाही. ते दिले तिच्या आवाजावरून. ‘फटफटी’ हा शब्द ज्या कोणा अनामिकाने प्रथम उच्चारला, त्याने ते वाहन डोळ्यांनी पाहण्यापूर्वी कानांनी ऐकले असावे असे मला नेहमी वाटते. दुसरा शब्द घ्या: ‘सायलेन्सर’. त्याचा मूळ अर्थ गप्प करणारा. परंतु एंजिनापासून निघून गाडीच्या शेपटीपर्यंत जाणाऱ्या सगळ्या नळकांड्यासच सायलेन्सर म्हणण्याची रीत आपल्याकडे पडली. आणि त्यामुळे ‘मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून द्या’ हा वदतोव्याघात कोणत्याही गॅरेजात निःसंकोचपणे ऐकू येतो. मौनव्रत घेतलेल्या माणसाने कीर्तनास उभे राहावे, तसाच हा प्रकार आहे.

श्रोतेहो, या वदतोव्याघाताला एक इतिहास आहे, आणि तो शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. तो सांगण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. लहानपणी आमच्या वाड्यातील आम्ही मुले सायकलच्या मागल्या चाकाशी पत्त्याचे जुने पान कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने अडकवीत असू. चाक फिरू लागले की तारांवर आपटून ते पान फट्‌फट् वाजे. सायकल त्यामुळे तसूभरही जोरात पळत नसे. उलट थोडी जडच होई. पण ती जोरात पळत आहे याविषयी आमच्या मनात शंका उरत नसे. तेव्हा मोटारीचा आवाज मोठा करून घेणाऱ्याविषयी आज मी जे बोलणार आहे, ते त्याच्या जातीबाहेरच्या माणसाचे बोलणे नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे.

हा आवाज येतो कोठून? सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटते, दट्ट्या खाली लोटला जातो, आणि जळालेला वायू बाहेर जावा म्हणून एक झडप उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. झडप उघडताच तो नळीत झेपावतो आणि बाटलीचे घट्ट बूच उडावे तसा एक ठोका हवेत उमटतो. नेहमीच्या मोटारीच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांस असा एक ठोका देतो. म्हणजे मिनिटास ४,००० फेरे घेणाऱ्या दोन सिलिंडरांच्या एंजिनातून सेकंदास सुमारे ६७ ठोके पडतात, चार सिलिंडरांच्या एंजिनातून १३३, आणि बारा सिलिंडरांच्या एंजिनातून ४००. सदुसष्ट ठोके कानास पखवाजाच्या धुमेसारखे खर्जात लागतात. चारशे ठोके एकमेकांत मिसळून त्यांचा सलग सूर होतो. मोटारीची ‘जात’ आवाजावरून ओळखणारे लोक असतात, त्यांच्या विद्येचे मूळ या साध्या गणितात आहे.

हा ठोका मऊ करण्याच्या मुख्य युक्त्या दोन. पहिलीत वायूस एका मोठ्या डब्यात सोडतात. डब्यात आडव्या भिंती असतात. वायू त्यांना वळसे घालीत जातो, ध्वनीच्या लहरी भिंतींवर आपटून उलटतात आणि पुष्कळशा एकमेकींस मारून टाकतात. दुसरीत नळी सरळच ठेवतात, परंतु तिला अंगभर छिद्रे पाडून तिच्याभोवती काचलोकर किंवा तत्सम पदार्थ भरतात. बारीक, चिरके स्वर त्या लोकरीत जिरतात. खर्ज मात्र बराचसा जिवंत राहतो. पहिल्या युक्तीत शांतता अधिक मिळते, पण वायूच्या वाटेत अडथळा येतो आणि एंजिनाच्या शक्तीचा काही अंश स्वतःचाच धूर ढकलण्यात खर्ची पडतो. दुसरीत वाट मोकळी राहते. ‘कंठ मोकळा केला की गाडी मोकळी होते’ ही जी समजूत मोटारवाल्यांत रूढ आहे, तिच्यात अर्धे सत्य आहे ते एवढेच. उरलेले अर्धे असे की, नळीची लांबी आणि रुंदी एंजिनाच्या वेगाशी हिशेबाने जुळवावी लागते. नुसती डब्यास भोके पाडल्याने आवाज वाढतो, शक्ती वाढतेच असे नाही, आणि मंद वेगावर तर ती पुष्कळदा कमीच होते.

मोटार जन्मली तीच आरडाओरड करीत. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कोलंबस नावाचे एक गाव आहे; तेथील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनी १८९७ साली एंजिनाचा आवाज दाबणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळविले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी हिरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन इंजिनिअराने बंदुकीस लावावयाच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि मोटारीसाठीही तशीच साधने तयार केली. या गृहस्थांचे वडील म्हणजे मॅक्झिम तोफेचे, मशीनगनचे, जनक. बंदुकांच्या चाचण्यांपायी त्यांचे कान अखेर निकामी झाले होते. बापाने जगाचे कान बधिर करावेत आणि मुलाने ते वाचविण्याचा धंदा काढावा, असा योग इतिहासात क्वचितच येतो.

परंतु सायलेन्सर निघाला त्याबरोबर तो चुकविण्याची वाटही निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पुष्कळ मोटारींत चालकाच्या पायाखाली किंवा हाताशी एक कळ असे. ती दाबली की नळीवरचे दार उघडे आणि वायू डब्यात न शिरता परस्पर बाहेर पडे. तिचे समर्थन दोन कारणांनी होत असे. घाट चढताना एंजिनास थोडी अधिक शक्ती मिळते हे एक. आणि एखादा सिलिंडर पेटत नसेल तर ते कानास चटकन् कळते हे दुसरे. दोन्ही कारणे खरी होती. पण ती कळ घाटात जितकी दाबली जाई, तितकीच ती भर वस्तीतही दाबली जाई, आणि वस्तीत चढ नसतो. इंग्लंडात १९१२ साली सरकारने हे चोरदार बंद केले. आवाज करण्याच्या हौसेविरुद्ध झालेल्या आरंभीच्या कायद्यांपैकी तो एक होय.

त्याच सुमारास या आवाजास एक कवीही भेटला. १९०९ च्या फेब्रुवारीत मारिनेट्टी नावाच्या इटालियन लेखकाने पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात आपल्या पंथाचा जाहीरनामा छापला, आणि ग्रीक शिल्पातील सुप्रसिद्ध विजयदेवतेपेक्षा गर्जत जाणारी मोटार आपणास अधिक सुंदर वाटते असे त्यात सांगून टाकले. वाचकांना तो उद्धटपणा वाटला. पण त्यात एक नवी गोष्ट होती. तोपर्यंत यंत्राचा आवाज हा यंत्राचा दोष समजला जाई. येथे प्रथमच कोणी तो त्याचा अलंकार म्हणून मिरविला. पुढच्या सगळ्या इतिहासात हे दोन पक्ष आपणास समोरासमोर उभे दिसतील.

त्यांची पहिली मोठी लढाई लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यातील वेब्रिज गावाजवळ झाली. ब्रिटनमध्ये तेव्हा सार्वजनिक रस्त्यावर ताशी वीस मैलांहून अधिक वेगाने मोटार नेण्यास कायद्याने बंदी होती. मग तेथील कारखानदारांनी आपल्या गाड्यांची परीक्षा घ्यावी कोठे? लॉक किंग नावाच्या एका धनिकाने स्वखर्चाने आपल्या जमिनीवर सुमारे पावणेतीन मैल घेराचा काँक्रीटचा मार्ग बांधला. त्याची वळणे परातीच्या काठासारखी उचललेली होती. केवळ मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला हा जगातील पहिला मोठा शर्यतमार्ग, ब्रुकलँड्स, १९०७ च्या जून महिन्यात उघडला. त्याच महिन्याच्या अखेरीस एस्. एफ्. एज या चालकाने आपली नेपियर मोटार त्यावर अखंड चोवीस तास पळविली. रात्री मार्गाच्या कडेने शेकडो कंदील लावले होते. १,५८१ मैल झाले. सरासरी वेग ताशी सुमारे ६६ मैल पडला. वृत्तपत्रांत जयजयकार झाला.

परंतु त्या रात्री वेब्रिजच्या घरांत जे लोक अंथरुणावर जागे पडले होते, त्यांची बाजू कोणी मांडावयाची? ती त्यांनीच मांडली. लगेच पुढच्या वर्षी आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले, आणि ब्रुकलँड्सवर रात्री मोटारी पळविणे बंद करावे लागले. या निर्बंधाचे एक मौजेचे फळ वीस वर्षांनी दिसले. फ्रान्समधील ल मां येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होऊ लागली होती. इंग्लंडातही तशी शर्यत हवी असे लोकांना वाटे. पण रात्र तर वर्ज्य! तेव्हा १९२९ पासून १९३१ पर्यंत ब्रुकलँड्सवर ‘डबल ट्वेल्व्ह’ या नावाची शर्यत झाली: पहिल्या दिवशी बारा तास, मग मोटारी कुलपात, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले बारा तास. शेजाऱ्याच्या झोपेने शर्यतीचे मधोमध दोन तुकडे केले.

दिवसाच्या गोंगाटाचा प्रश्न उरलाच होता. १९२४ साली रहिवाशांनी पुन्हा दावा लावला. अखेर तडजोड होऊन प्रत्येक शर्यतीच्या गाडीस ठरावीक मापाचा सायलेन्सर सक्तीचा झाला. एक मोठा पसरट डबा, आणि त्याच्या मागे माशाच्या शेपटीसारखे रुंद व चपटे तोंड, असे त्याचे रूप होते. चालकांनी कुरकूर केली. शक्ती जाते म्हणाले. तथापि ब्रुकलँड्सच्या बाह्यमार्गावरील वेगाचा जो अखेरचा विक्रम, ताशी १४३.४४ मैलांचा, तो जॉन कॉब याने १९३५ साली नेपियर-रेल्टन या विमानी एंजिनाच्या प्रचंड मोटारीतून केला, तो हा नियम चालू असतानाच. विक्रमास सायलेन्सर आड आला नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. शर्यतीच्या मोटारींवर तो डबा आणि ती माशाची शेपटी दिसू लागताच लंडनमधील हौशी तरुणांना वाटू लागले की, आपल्याही स्पोर्ट्स कारला तसेच नळकांडे हवे. दुकानदारांनी ते विकावयास ठेवले. गप्प करण्यासाठी घडविलेली वस्तू शौर्याची खूण होऊन बसली! ज्यास रस्त्यावर आपला दरारा हवा, तो शर्यतवाल्यांच्या मुसक्यांची नक्कल विकत घेऊ लागला. माणसाला हवा असतो तो केवळ आवाज नव्हे. ‘मी त्यांच्यातला आहे’ असे सांगणारी खूण त्याला हवी असते, हे येथे स्पष्ट दिसते.

१९३९ मध्ये युद्ध आले आणि ब्रुकलँड्स कायमचे थांबले. युद्ध संपल्यावर या कथेचा पुढचा अंक इटलीत सुरू होतो. त्याचा नायक मात्र इटालियन नव्हता. कार्ल आबार्ट हा १९०८ साली व्हिएन्नात जन्मलेला मोटारसायकलींचा शर्यतवाला. १९३४ साली त्याने आपल्या साइडकारसह व्हिएन्ना आणि ऑस्टेंड यांच्या दरम्यान ‘ओरिएंट एक्सप्रेस’ या आगगाडीशी पैज लावली, आणि दुसऱ्या प्रयत्नात तिला मागे टाकले. पुढे एका भीषण अपघाताने त्याची शर्यत संपली. युद्धकाळ त्याने युगोस्लाव्हियात काढला. नंतर तो इटलीत आला, तूरीनच्या चिझितालिया या मोटारकंपनीत शर्यतींचा प्रमुख झाला, आणि ती कंपनी डबघाईस येताच ३१ मार्च १९४९ रोजी त्याने स्वतःची पेढी काढली. आता त्याचे नाव कार्लो झाले होते. त्याची जन्मरास वृश्चिक. म्हणून विंचू हेच पेढीचे चिन्ह ठरले.

पेढीजवळ थोड्या मोटारी होत्या, आणि कीर्तीही होती. विख्यात चालक ताझिओ नुवोलारी याने १९५० च्या एप्रिलमध्ये पालेर्मोजवळच्या डोंगरी शर्यतीत आपल्या गटात जो विजय मिळविला, त्याच्या आयुष्यातला अखेरचा, तो आबार्टच्याच मोटारीत. परंतु शर्यत हा पैसा खाणारा धंदा आहे. तो पैसा आणावा कोठून? आबार्टने आणला तो नळकांड्यांतून. त्याने साध्या मोटारींना बसविता येईल असा सायलेन्सर काढला. रचना वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारची: सरळ वाट, छिद्रे पाडलेली नळी, भोवती ध्वनी शोषणारे भरताड. बाहेरून काळा रंग, आणि टोकांस चकाकणाऱ्या नळ्या. आवाज खोल, भरदार. पण ऐकणाऱ्यास गाडी मोडली आहे असे न वाटणारा.

तो कोणासाठी होता हे पाहण्यासारखे आहे. युद्धाने पिचलेल्या इटलीत लोक नुकतेच स्कूटरवरून मोटारीत येत होते. फियाटने १९५५ साली ‘६००’ आणि १९५७ साली नवी ‘५००’ बाजारात आणली. या पाचशेचे एंजिन अवघ्या ४७९ घनसेंटिमीटरांचे, दोन सिलिंडरांचे, तेरा अश्वशक्तीचे. कारखान्यातील कामगाराने किंवा शाळामास्तराने हप्त्यांवर घ्यावी अशी ती गाडी. तिचा मूळचा आवाज शिवणयंत्रासारखा. फेरारी घेण्याची ऐपत त्या माणसास सात जन्मांत येणार नव्हती. परंतु आबार्टचा सायलेन्सर त्याच्या आवाक्यात होता. रविवारी सकाळी तो बसवून घेतला की, गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तरी ती चिमुकली मोटार शर्यतीची होई. वेगात पडणारा फरक अल्प. मनात पडणारा मोठा. १९६२ च्या सुमारास आबार्टच्या कारखान्यात पावणेचारशेच्या जवळपास माणसे होती आणि वर्षास अडीच लाखांहून अधिक सायलेन्सर तयार होत होते. त्यांतले बहुसंख्य परदेशी जात. त्या पैशावर आबार्टच्या मोटारी शर्यती जिंकीत, आणि त्या विजयांवर पुन्हा सायलेन्सर खपत. आवाज ही विकण्याजोगी वस्तू आहे हे जगास पद्धतशीरपणे दाखविले ते या विंचवाच्या पेढीने. १९७१ साली ती फियाटने विकत घेतली. १९७९ मध्ये आबार्ट आपल्या जन्मगावी निवर्तला.

आपल्या मुंबईस फियाट हे नाव काही परके नव्हे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्याच नमुन्याच्या मोटारी निघत. त्यांतली पद्मिनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. विंचवाची स्वारीही पुढे महाराष्ट्रात आली. २०१५ साली आबार्ट पुंटो नावाची लहानशी, पण १४५ अश्वशक्तीची मोटार पुण्याजवळ रांजणगावी तयार होऊ लागली. जेथे महागणपती बसला आहे, तेथेच व्हिएन्नाच्या त्या शर्यतवाल्याच्या चिन्हाने काही काळ मुक्काम केला.

यानंतरचा इतिहास वेगाने सांगतो. कायदे कडक झाले तसे मोटारवाले कारखाने हुशार झाले. नळीत विजेने उघडणारी झडप आली. एक बटन दाबले की तीच मोटार गुरगुरू लागे. म्हणजे १९१२ साली बंद केलेले चोरदार शंभर वर्षांनी सभ्य वेषात परत आले. पुढे तर काही मोटारींत एंजिनाचा आवाज आतल्या ध्वनिक्षेपकांतून वाजवून चालकास ऐकविण्याची सोय झाली; काचा बंद असल्या तरी त्यास आपण वाघावर बसलो आहोत असे वाटावे म्हणून.

शर्यतींच्या क्षेत्रात तर चक्र पुरतेच उलटे फिरले. फॉर्म्युला वनच्या मोटारींत २०१३ पर्यंत आठ सिलिंडरांची एंजिने होती आणि ती मिनिटास १८,००० फेऱ्यांपर्यंत जात. म्हणजे सेकंदास १,२०० ठोके. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ या काळात ज्यांनी ती शर्यत पाहिली, त्यांनी तो कर्कश सूर ऐकला आहे. २०१४ मध्ये नियम बदलून सहा सिलिंडरांची लहान एंजिने आली. त्यांत बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवून त्याची शक्ती पुन्हा कामी लावतात. त्यामुळे आवाज साहजिकच मंदावला. जे वाया जात होते ते वाचले, यात इंजिनिअरांचा विजय होता. प्रेक्षक मात्र रुसले. त्याच वर्षी मे महिन्यात बार्सिलोना येथे एका मोटारीस कर्ण्यासारखे तोंड लावून पाहण्यात आले. ते साधले नाही. २०१६ पासून नळ्यांची मांडणीच नियमाने अशी बदलली की आवाज वाढावा. ब्रुकलँड्सवर शेजारी नियम करवून आवाज कमी करवीत होते. येथे शर्यतीचे चालकच नियम करून तो वाढवू लागले.

आणि आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांना सिलिंडर नाही, धूर नाही, नळी नाही. युरोपात तर पायी चालणाऱ्यांस त्यांची चाहूल लागावी म्हणून मंद वेगावर त्यांनी मुद्दाम आवाज केला पाहिजे असा दंडक झाला. २०१९ पासून नव्या नमुन्यांस आणि २०२१ पासून सर्व नव्या गाड्यांस तो लागू आहे. त्या दंडकाचा हेतू समजतो. आंधळ्या माणसास रस्ता ओलांडताना त्याचा आधार आहे. परंतु २०२३ साली विंचवाच्या चिन्हाची विजेवर चालणारी ‘आबार्ट ५००ई’ निघाली, तिच्या अंगाखाली एक निराळा ध्वनिक्षेपक बसविलेला होता. त्याचे काम एकच: पेट्रोलच्या आबार्टचा आवाज काढावयाचा. ज्या पेढीने सायलेन्सर विकून नाव मिळविले, तिच्या मोटारीत सायलेन्सर उरला नाही. आवाज मात्र उरला. सायकलच्या चाकाला लावलेले ते पत्त्याचे पान मला तेव्हा आठवले. तथापि या नव्या पानात एक सोय आहे: ते बंद करता येते.

ही सोय लहान नव्हे. या सगळ्या इतिहासात वादाचा मुद्दा खरोखर एवढाच होता. आवाज सुंदर की असुंदर, हा प्रश्न रसिकांनी सोडवावा. बारा सिलिंडरांचा सूर ऐकून ज्याचे अंग शहारते त्याला मी अरसिक म्हणणार नाही. पण डोळ्यास पापणी आहे, कानास नाही. चित्र नको असेल त्याने मान वळवावी. आवाज नको असेल त्याने जावे कोठे? वेब्रिजच्या रहिवाशांनी न्यायालयास हाच प्रश्न केला होता.

आपल्या कायद्यात त्याचे उत्तर आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सांगतो की, प्रत्येक मोटारवाहनास प्रसरणाच्या डब्याने किंवा अन्य रीतीने धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन असले पाहिजे. प्रसरणाचा डबा, म्हणजे तोच तो ब्रुकलँड्सचा डबा! २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनीची मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. शिवाय तीन महिने परवाना जातो. वस्तीतील एकूण आवाजासंबंधी २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत त्यांची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित फसवे असते: दहाने वाढ झाली की कानास आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. रस्त्यावरून फटाके फोडीत जाणारी एक फटफटी ती मर्यादा किती पटींनी ओलांडते, हे त्यावरून समजेल. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रांगेने मांडून त्यांवरून रोड-रोलर फिरविल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिली असतील. पण रोलरखाली नळकांडे चिरडते, हौस चिरडत नाही.

हौसेचे काय करावे, हे मला आमच्याच आळीतल्या एका तरुणाने शिकविले. पहिल्या पगारातून त्याने आपल्या फटफटीस मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविला होता. रात्रपाळीहून तो साडेअकराच्या सुमारास येई, आणि आळीतली तान्ही मुले एकदम जागी होत. मी त्यास बोलावून दोन शब्द सांगितले. तो उद्धट नव्हता. म्हणाला, “काका, आवाज नसला ना, तर गाडी चालते आहे असं वाटतच नाही हो.” यावर मजजवळ उत्तर नव्हते, कारण ते खरे होते.

पुढे समोरच्या घरातील वृद्ध गृहस्थ हृदयविकाराने अंथरुणास खिळले. त्यांना रात्री झोप म्हणून लागत नसे. लागलीच तर पहाटेपूर्वी घटका-दोन घटका. कोणी त्या मुलास काही सांगितल्याचे मला ठाऊक नाही. पण एके रात्री खिडकीशी उभा असता मी पाहिले: आळीच्या कोपऱ्यावर दिव्याखाली फटफटी थांबली, एंजिन बंद झाले, आणि तो खाली उतरून ती जड गाडी दोन्ही हातांनी ढकलीत घरापर्यंत घेऊन आला. दीडशे पावलांचे ते अंतर, आणि दिवसभराच्या कामाने थकलेला तो मुलगा. दुसऱ्या रात्रीही तेच. ते गृहस्थ तीन महिन्यांनी वारले. त्यानंतरही कित्येक दिवस ती फटफटी कोपऱ्यापासून ढकलतच येत असे.

त्याने सायलेन्सर बदलला नाही, हे मी लपवीत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो दोषीच होता. परंतु आपला आवाज कोठे संपला पाहिजे हे त्याला कळले होते. ब्रुकलँड्सच्या न्यायालयापासून रांजणगावच्या कारखान्यापर्यंत गेल्या शतकाने जे नियम केले, जे मोडले आणि जे पुन्हा केले, ते सगळे त्या एका कोपऱ्याच्या शोधात होते असे मला वाटते. तो कोपरा प्रत्येकाच्या आळीत आहे. आज रात्री घरी परतताना आपण तेथे क्षणभर थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.